रात्रीचं डायलिसिस, खान्देशातल्या घरात

धुळे, जळगाव, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत किडनी निकामी झालेल्या माणसाला बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकायला मिळतं: "आता मशीन लावावं लागेल." मशीन म्हणजे दवाखान्यातलं. ते जिथं असेल तिथं आठवड्यातून दोनदा-तीनदा जायचं आणि हे किडनी बदलेपर्यंत, नाहीतर शेवटपर्यंत. वाक्य ऐकलं की घरच्यांच्या डोक्यात पहिला विचार येतो, न्यायचं कोणी आणि भाड्याचे पैसे आणायचे कुठून. डायलिसिस, म्हणजे किडनीऐवजी बाहेरून केलेली रक्ताची साफसफाई, घरीही होतं, रात्री झोपेत होतं, ही गोष्ट त्या खोलीत कोणी उच्चारत नाही.

ती उच्चारली गेली पाहिजे आणि हाताला किंवा गळ्याला पहिली सुई टोचण्याआधी उच्चारली गेली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. दवाखान्यातल्या डायलिसिसचा खर्च सरकार उचलतं, तसाच घरच्या डायलिसिसचाही उचलावा. पण याला एक अट आहे. रुग्णाला घरी पाठवलं म्हणजे दवाखान्याचं काम संपलं, असं होणार असेल तर ही सोय नसलेलीच बरी.

आज जे आहे त्याला मी कमी लेखत नाही. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत धुळे होतं. पुढे ती महात्मा फुल्यांच्या नावाने चालू राहिली. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला आणि जिल्हा रुग्णालयांत मशीनं यायला लागली. त्याआधी डायलिसिस लागलं की शेत विकायचं, नाहीतर माणूस सोडून द्यायचा, असे दोनच रस्ते होते. कित्येकांनी पहिला धरून शेवटी दुसऱ्यावरच मुक्काम केला. मोफत डायलिसिसने हे चित्र बदललं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पण मोफत आहे ते मशीनवरचे चार तास. मशीनपर्यंत पोचण्याचा आणि परतण्याचा खर्च त्यात कोणी धरत नाही.

माझे चुलतभाऊ, आम्ही त्यांना नाना म्हणतो, शिरपूर तालुक्यात तापीकाठच्या गावात राहतात. थोडी केळी, थोडा कापूस. साखरेच्या आजाराने किडन्या गेल्या. आता धुळ्याला डायलिसिस चालू आहे. पहिली शिफ्ट मिळाली तर अंधारातच निघायचं, फाट्यापर्यंत मोटरसायकल, तिथून एसटी किंवा काळी-पिवळी, मग धुळ्याला रिक्षा. सोबत मुलगा. चार तास मशीन, त्याआधी वाट पाहणं, नंतर सुईच्या जागेतलं रक्त थांबेपर्यंत बसून राहणं. परतताना नाना बोलत नाहीत. चार तासांत अंगातलं दोन-तीन लिटर पाणी काढून घेतलेलं असतं, रक्तदाब खाली आलेला असतो, पिंढऱ्यांत गोळे येतात. घरी आले की सरळ खाटेवर. त्या दिवशी जेवण नावापुरतं. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर जरा माणसांत येतात आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा निघायची तयारी.

डॉक्टरांनी आठवड्यातून तीनदा यायला सांगितलंय. नाना दोनदाच जातात. कारण विचारलं तर म्हणाले, "तिसरी खेप कराले लागनू ते वावर कोन दखी?" यात हट्ट नाही. मुलगा आठवड्यातून दोन दिवस बापाबरोबर धुळ्यात असतो, तिसरा दिवसही गेला तर फवारणी कधी करायची आणि मजूर कोणी बघायचे? दोन खेपांच्या हिशोबाने वर्षाला १०४ वेळा जाणं-येणं होतं, तीनच्या हिशोबाने १५६ वेळा. एसटीत डायलिसिसच्या रुग्णाला सवलत आहे, पण सोबतच्या माणसाची बुडालेली रोजंदारी कुठल्याच योजनेत बसत नाही.

नानांना निदान महामार्ग जवळ आहे. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून घाट उतरून नंदुरबार गाठणाऱ्याचं काय? सातपुड्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे आणि तो किडनीलाही पोखरतो. म्हणजे जिथं गरज आहे तिथूनच मशीन सगळ्यात लांब. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की त्या आठवड्याचं डायलिसिस हुकतं. २०२० च्या टाळेबंदीत गाड्या बंद झाल्या तेव्हा डायलिसिसवाल्यांची काय दैना झाली, हे ज्यांच्या घरात रुग्ण होता त्यांना विचारा.

डायलिसिस हुकणं म्हणजे काय, हेही नीट समजून घ्यायला हवं. आठवड्याचे तास १६८. चांगली किडनी १६८ तास काम करते. तीनदा मशीनवर जाणाऱ्याला त्यातले १२ तास मिळतात, दोनदा जाणाऱ्याला ८. उरलेल्या वेळात पाणी, पोटॅशियम, फॉस्फेट, विषारी द्रव्यं अंगात साठत राहतात. अमेरिकेत आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की आठवड्यातल्या सगळ्यात मोठ्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यूचं प्रमाण इतर दिवसांपेक्षा जास्त असतं. तिथला दोन दिवसांचा खंड हा 'मोठा खंड'. आमच्याकडे तर दोनदा जाणाऱ्याला प्रत्येक खेपेनंतर तेवढा किंवा त्याहून मोठा खंड पडतो.

रात्रीचं डायलिसिस या खंडावरच घाव घालतं. झोपेचे आठ तास कामाला लावले, तर साफसफाई हळू होते, जास्त वेळ होते आणि दिवस मोकळा राहतो. कल्पना काही नवी नाही. १९६० मध्ये अमेरिकेतल्या सिएटलच्या डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायम राहणारी नळी बसवली आणि तेव्हापासून डायलिसिस वर्षानुवर्षं करता येऊ लागलं. पण मशीनं इतकी थोडी होती, की कोणाला जगवायचं हे ठरवायला तिथं एक समिती बसत असे. १९६४ मध्ये एका शाळकरी मुलीला त्या केंद्रात जागा मिळेना. तेव्हा तिथल्याच विद्यापीठातल्या अभियंत्यांनी, लेस बॅब यांच्या पुढाकाराने, काही महिन्यांत घरी बसवता येईल असं मशीन तयार केलं. मुलगी रात्री घरी डायलिसिस घेऊ लागली. म्हणजे घरचं रात्रीचं डायलिसिस श्रीमंतांच्या चैनीतून जन्मलेलं नाही. दवाखान्यात जागा नाही, या अडचणीतून ते आलं, आणि ती अडचण आपली चांगलीच ओळखीची आहे.

आता खरा प्रश्न, आपल्याकडे जमेल का? इथं दोन वाटा वेगळ्या कराव्या लागतात, कारण दोन्हींना लोक 'घरचं डायलिसिस' म्हणतात आणि घोटाळा होतो.

पहिली वाट रक्ताच्या डायलिसिसची. दवाखान्यातल्यासारखंच मशीन घरी बसवायचं, सुया टोचायच्या आणि रात्री सहा-आठ तास चालवायचं. टोरांटोमध्ये १९९४ पासून याचा पद्धतशीर कार्यक्रम चालला आणि त्याची जगभर चर्चा झाली. फॉस्फेट आटोक्यात येतं, रक्तदाबाच्या गोळ्या कमी होतात. पण २०११ मधल्या चाचणीत हृदयाच्या बाबतीत ठोस फायदा सिद्ध झाला नाही, हेही सांगायला हवं. आमच्याकडे मात्र त्याआधीच पाण्याशी गाठ पडते. चार तासांच्या एका डायलिसिसला साधारण १२० लिटर अतिशुद्ध पाणी लागतं. रात्रभर, मंद वेगाने चालवलं तरी १४० लिटरच्या पुढे जातं. ते पाणी तयार करताना आरओ जवळपास तेवढंच, कित्येकदा त्याहून जास्त, वाया घालवतो. स्वयंपाकघरातला आरओ या कामाचा नाही. क्लोरिन, क्षार, जंतू यांची नियमित तपासणी लागते, कारण हे पाणी एका पातळ पडद्यापलीकडे थेट रक्ताला भिडतं. आता ज्या शहरांत नळाला रोज पाणी येत नाही, ज्या गावांत बोअर उन्हाळ्यात कोरडे पडतात आणि चालू असले तर क्षारयुक्त पाणी देतात, तिथं एका घराने एका रुग्णासाठी रात्रीला तीनशे लिटर पाणी कुठून आणायचं? वर सुई निसटली तर झोपेत रक्तस्राव होण्याचा धोका. ओल लागताच वाजणारी यंत्रणा असते, पण ती दुरुस्त करणारा माणूस मुंबई-पुण्याहून यायचा. खान्देशातल्या खेड्यासाठी आज ही वाट नाही. कोणी लाखांचं मशीन विकायला आला, तर त्याला आधी पाण्याचा हिशोब विचारावा.

दुसरी वाट पोटाच्या डायलिसिसची. माझा सगळा भर हिच्यावर आहे.

पोटाच्या आत आतड्यांवर एक पातळ अस्तर असतं, त्याचा गाळणीसारखा उपयोग करायचा. छोट्या शस्त्रक्रियेने पोटात एक मऊ नळी बसवतात. तिच्यातून दोन लिटर निर्जंतुक द्रव आत सोडायचा, काही तास ठेवायचा, मग बाहेर काढायचा. रक्तातली घाण आणि जास्तीचं पाणी अस्तरातून त्या द्रवात उतरतं. सुई नाही, रक्त बाहेर काढणं नाही. हाताने करायचं झालं तर दिवसातून साधारण चार वेळा, दर वेळी अर्धा-पाऊण तास. रात्री करायचं तर बिछान्याशेजारी 'सायकलर' नावाचं छोटं मशीन ठेवतात. झोपताना नळी जोडायची. आठ-दहा तास मशीन आपोआप द्रव भरतं नि काढतं. सकाळी नळी सोडवली की दिवस आपला. शुद्ध पाण्याचा प्रश्न उरत नाही, कारण द्रव पिशवीतूनच येतो. हात धुवायला स्वच्छ पाणी आणि साबण एवढंच लागतं.

हाताने पिशवी बदलणं मी जवळून पाहिलंय, कारण नानांनी हा विचार करावा म्हणून आधीपासून हे करणाऱ्या एका घरी आम्ही जाऊन आलो. खोलीचं दार लावलं, पंखा बंद केला. बाईंनी तोंडाला मास्क लावला, साबणाने बोटांच्या बेचक्यांपर्यंत हात धुतले आणि ते वर धरूनच वाळवले. भिंतीतल्या खुंटीला भरलेली पिशवी, खाली घमेल्यात रिकामी. टोपण काढून नळी जोडण्याच्या त्या काही क्षणांत घरात कोणी बोललं नाही. पोटातलं पाणी खाली उतरलं, मग वरची पिशवी सुटली. शेवटी त्यांनी खालची पिशवी उचलून वर्तमानपत्रावर ठेवली आणि तिच्यातून बातमीची अक्षरं वाचून दाखवली. अक्षरं स्वच्छ दिसली तर ठीक. धुरकट दिसली किंवा पोट दुखलं तर जंतुसंसर्गाची शंका, आणि मग ती पिशवी घेऊनच तडक दवाखाना गाठायचा. सातवी शिकलेल्या बाई आहेत. त्यांच्या हातांत जी शिस्त होती, ती मला कित्येक दवाखान्यांत दिसलेली नाही.

म्हणून 'खेड्यातली घरं अस्वच्छ, तिथं हे चालायचं नाही' हे ठरीव वाक्य ऐकलं की मला राग येतो. संसर्गाची भीती खरी आहे, ती कोणी लपवू नये. पोटात जंतू गेले तर माणूस दवाखान्यात दाखल होतो, नळी काढावी लागते, जीवही जाऊ शकतो. पण संसर्ग टाळणं हे बहुतांशी शिकवण्यावर आणि पुन्हा पुन्हा तपासून घेण्यावर अवलंबून आहे. धाब्याच्या घरात वरून माती झडत असेल, तर एका कोपऱ्याला पत्रा नाहीतर प्लास्टिकचं छत करता येतं. त्याचा खर्च काही महिन्यांच्या गाडीभाड्यात निघतो. आणि दवाखान्यात संसर्ग नसतो असं थोडंच आहे? एका मागोमाग एक रुग्ण जिथं मशीनवर चढतात, तिथं काविळीच्या सी प्रकारच्या विषाणूची धास्ती कायम असते.

लाईटचा प्रश्न आमच्याबरोबर आलेल्या काकूंनी त्याच घरी विचारला होता: "रातले लाईट गई ते काय करानं, भाऊ?" प्रश्न अगदी बरोबर आहे. गावठाणात आता घरगुती लाईट बऱ्यापैकी टिकते, पण मळ्यात राहणाऱ्यांचं तसं नाही. रात्री थ्री-फेज आली म्हणून केळीला पाणी भरायला उठणारी माणसं आहेत ही, लाईटचं वेळापत्रक त्यांना पाठ असतं. सायकलर छोट्या इन्व्हर्टरवर काही तास निघू शकतो. लाईट फारच वेळ गेली तर नळी सोडवून हाताने पिशवी लावता येते. म्हणूनच मशीन देण्याआधी हाताची पद्धत पक्की यायला हवी. ज्याला फक्त मशीनच चालवता येतं, त्याला रात्री मशीनवर सोडू नये.

फायदा काय, तर पहिला म्हणजे साफसफाई रोज होते आणि खंड पडत नाही. त्यामुळे रक्तदाब एकदम कोसळत नाही आणि उरलीसुरली किडनी थोडी जास्त काळ लघवी करत राहते, जी या आजारात फार मोलाची गोष्ट आहे. दुसरा म्हणजे जेवण. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, सगळा पट्टा केळीचा, आणि नानांना स्वतःच्या बागेतलं केळ खायची बंदी, कारण केळ्यात पोटॅशियम आणि पुढचं डायलिसिस तीन दिवसांनी. पोटाच्या डायलिसिसमध्ये पोटॅशियम रोज निघतं, त्यामुळे ही बंदी बऱ्याच जणांना सैल करता येते. किती सैल करायची ते रक्ततपासणी पाहून डॉक्टर ठरवतात. बाहेरच्याला ही बाब किरकोळ वाटेल. ज्याच्या दारात घड लोंबतायत त्याला विचारावी.

आणि तिसरा फायदा म्हणजे दिवस. नानांचा मुलगा आठवड्यातून दोन दिवस रुग्णालयाच्या बाकावर बसतो. त्याचं वय कामाचं आहे.

तोटेही सांगतो. द्रवात साखर असते, ती थोडी अंगात जाते. मधुमेह असेल तर इन्सुलिनचा हिशोब बदलतो, वजन वाढतं. द्रवाबरोबर रोज काही ग्रॅम प्रथिनं निघून जातात, ती भरून काढायला अंडी, डाळी, दूध-पनीर वाढवावं लागतं. माळकरी घरात अंड्याला जागा नाही आणि डाळी-दूध वाढवलं की फॉस्फेट वाढतं, त्यामुळे आहार सांगणारी व्यक्ती आपल्या चुलीची माहिती असलेली हवी. पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेल्यांना, हर्निया असलेल्यांना ही पद्धत नेहमी चालत नाही. पोती उचलण्याचं काम सोडावं लागतं. उन्हाळ्यात खान्देशात पारा पंचेचाळीसला भिडतो. गच्चीवर, अंगणात झोपायची सवय असलेल्या माणसाला रात्रभर नळीच्या लांबीएवढ्यातच आत झोपावं लागतं. हाताने केलं तर महिन्याला १२० पिशव्या, २४० लिटर द्रव, खोक्यांची थप्पी छतापर्यंत जाते आणि ती पत्र्याखाली तापू द्यायची नसते. काही वर्षांनी अस्तराची ताकद कमी होऊ शकते, मग पुन्हा रक्ताच्या डायलिसिसकडे वळावं लागतं. हे सगळं आधी सांगून, कागदावर लिहून देऊन, मग विचारावं: तुम्हाला काय हवं?

सगळ्यात मोठी हरकत मात्र वेगळीच आहे आणि ती मला स्वतःला छळते. घरी म्हणजे कोणी? नानांच्या घरात हा विषय निघाला तेव्हा सगळ्यांच्या नजरा आपोआप सुनेकडे गेल्या. ती पहाटे उठते, गुरांचं करते, भाकऱ्या थापते, शेतात जाते, पोरांचा अभ्यास घेते. आता सासऱ्यांची नळीही तिच्याच गळ्यात. देशात किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हे उघड सत्य आहे. घरच्या डायलिसिसने त्याच वळणावर आणखी एक ओझं बाईच्या पाठीवर ठेवलं, तर त्याला सोय म्हणता येणार नाही. म्हणून माझा आग्रह आहे, की ज्याच्या हातांत बळ आहे, डोळ्यांना दिसतं, त्या रुग्णाने स्वतःच शिकावं. नाना शिकू शकतात. ठिबकचे व्हॉल्व्ह नि फिल्टर स्वतः खोलून साफ करणाऱ्या माणसाला दोन नळ्या जोडता येणार नाहीत, हे मी मानत नाही. ज्याला खरंच जमत नाही त्याच्या घरी परिचारिका यावी. फ्रान्समध्ये म्हाताऱ्या रुग्णांच्या घरी जाऊन पिशव्या बदलणाऱ्या परिचारिकांची व्यवस्था बरीच वर्षं चालू आहे. आपल्याकडे असं काही निघालं की आशाताईंच्या यादीत आणखी एक काम चिकटवलं जातं. तसं होऊ नये. आशाताईंनी हे करावं असं वाटत असेल, तर त्याचं प्रशिक्षण आणि त्याचा वेगळा, वेळेवर मिळणारा मोबदला आधी ठरावा.

हे दुसरीकडे झालेलं आहे. हाँगकाँगने १९८५ पासून पोटाच्या डायलिसिसला पहिलं स्थान दिलं. आपल्यासारखीच खेडी आणि शेती असलेल्या थायलंडने २००८ मध्ये सरकारी योजनेत तोच मार्ग धरला. द्रवाच्या पिशव्या टपाल खात्यामार्फत घरपोच गेल्या, गावातले आरोग्य स्वयंसेवक कामाला लागले. तिथंही तक्रारी झाल्या. सक्ती नको, निवड हवी अशी मागणी वाढली आणि २०२२ मध्ये धोरण बदलून निवड रुग्णावर सोपवण्यात आली. यातून मी एवढंच घेतो, की पिशव्या खेड्यापर्यंत पोचवता येतात आणि कोणावर पद्धत लादू नये. आज आपल्याकडे दवाखान्याची सक्ती आहे, फक्त तिला कोणी सक्ती म्हणत नाही.

आणि आपल्याकडेही सगळी पाटी कोरी नाही. केंद्र सरकारने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात पोटाच्या डायलिसिससाठी २०१९ मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या. धोरण कागदावर आहे. आमच्या गावापर्यंत मात्र ते आलेलं मी पाहिलं नाही. आज पदरचे पैसे घालून पिशव्या घेतल्या तर महिन्याला वीस हजारांच्या वर सहज जातात. सायकलरचा खर्च वेगळाच. केळीला भाव असला तरी हा खर्च झेपत नाही, नसला तर विषयच संपला. म्हणून योजनेने पैसे दिल्याशिवाय 'निवड' हा शब्द इथं पोकळ आहे.

पैशांइतकीच गरज आहे ती पाठीशी उभ्या राहणाऱ्या माणसांची. जिल्ह्याच्या ठिकाणी पोटात नळी बसवण्याचा सराव असलेला सर्जन. तिथंच एक स्वच्छ खोली आणि पोटाच्या डायलिसिसचं प्रशिक्षण घेतलेल्या दोन-तीन सिस्टर, ज्या रुग्णाला आठवडा-दोन आठवडे बसवून शिकवतील, हात धुण्यापासून धुरकट पिशवी ओळखण्यापर्यंत, आणि जमेल तिथं अहिराणीत, पावरीत, भिलीत. तालुक्याच्या उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात संसर्गावरची इंजेक्शनं कायम शिल्लक, म्हणजे पोट दुखायला लागलं की धडगावच्या माणसाचा औषधाचा पहिला डोस नंदुरबारला पोचेपर्यंत थांबणार नाही. पिशव्यांसाठी एसटीची मालवाहतूक आहे, २०२० पासून चालू आहे. प्रत्येक तालुक्याला आगार नाहीतर स्थानक आहे आणि खोकी तिथपर्यंत आली की गावात न्यायला माणसं समर्थ आहेत. खताच्या गोण्या आणतातच की.

आणि एक फोन नंबर. रात्री दोन वाजता मशीन वाजायला लागलं, द्रव आत गेला पण बाहेर येईना, पोट फुगलं, तर कोणाला विचारायचं? १०८ वर गाडी येते, पण बऱ्याचदा अशा वेळी गाडीची गरजच नसते. नळीला पीळ पडलाय का बघा, कुशीवर वळा, बद्धकोष्ठ झालंय का, एवढं शांतपणे सांगणारा जाणकार आवाज हवा असतो. तिन्ही जिल्ह्यांना मिळून रात्रपाळीची एक प्रशिक्षित सिस्टर बसवणं सरकारला जड नाही. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून ज्या रकमांचे रस्ते आणि सभामंडप होतात, त्यांच्या तुलनेत हा खर्च लहान आहे. ती सिस्टर नसेल तर रात्रीचं मशीन कोणाच्याही घरी देऊ नये, असं मी आरोग्य खात्याला आणि मशीन विकणाऱ्यांना दोघांनाही सांगेन.

नानांनी अजून ठरवलेलं नाही. त्यांच्या डॉक्टरांनी पोट तपासून नळी बसवता येईल असं सांगितलंय, पिशव्यांचे पैसे कुठून येणार यावर गाडं अडलंय. तोपर्यंत धुळ्याच्या खेपा चालू आहेत, आठवड्याला दोन, जिथं तीन हव्यात. हीच अडचण असलेली घरं प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांनी आपापल्या आमदारांकडे आणि जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी मागणी करावी, की पोटाचं डायलिसिस फुले योजनेतून आमच्या जिल्ह्यात कधी सुरू करणार आणि शिकवणाऱ्या सिस्टर कधी नेमणार, हे तारखेसह कळवा.